मुख्य हात कोणता?

माझी थोरली बहीण माणसांना माफ करण्याच्या बाबतीत फार उतावळी आहे. गाडीने धडक दिली तेव्हाही तिने गाडीवाल्याला माफ करून टाकलं, तेही रस्त्यावर पडल्या पडल्या, धड उठून बसायच्या आधी. पुढची सव्वादोन वर्षं त्या माफीपायी मी कचेऱ्यांचे जिने चढत होते.

ताई एका जुन्या शिलाईच्या दुकानात कटिंग करायची. अठ्ठावीस वर्षं. कोट, जाकीट, विजारी, सगळं. शिवणारे चार जण बदलले, दुकानाचे मालक बदलले, म्हणजे थोरले मालक गेले आणि मुलगा आला, पण कापायच्या टेबलामागे ताईच. दुकानात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. कापड अंगाला कसं बसणार हे शिवणारा नाही, कापणारा ठरवतो, असं तिचं मत. मापं घेताना ती गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची आणि तेवढ्यात त्याचा एक खांदा उतरता आहे हे हेरून ठेवायची. गिऱ्हाइकाला ते ती कधी सांगायची नाही. कोटात सांभाळून घ्यायची.

ती डावरी. आमच्या घरात दुसरं कुणी डावरं नाही. तिसरीतल्या बाईंनी तिच्या बोटांवर पट्ट्या मारून मारून तिला उजव्या हाताने लिहायला शिकवलं. ताई शिकली. अक्षर इतकं सुरेख झालं की त्याच बाई तिला फळ्यावर सुविचार लिहायला लावू लागल्या. बाकी सगळं मात्र ती डाव्याच हाताने करत राहिली. जेवणं, दात घासणं, मला चापट मारणं आणि कापणं.

त्या मंगळवारी दुपारी ती दुकानातून बटणं आणायला निघाली. रस्त्यावर पांढरे पट्टे आहेत, पण ते बटणवाल्याच्या दुकानापासून वीसेक पावलं पलीकडे. वीस पावलं कोण जातं? ताई जिथे होती तिथूनच निघाली. बँकेसमोर उभी असलेली एक गाडी मागे न बघता सरळ मागे आली. ताईच्या कमरेला धक्का बसला आणि ती डाव्या तळव्यावर पडली.

गाडीतून जो गृहस्थ उतरला त्याला बोलताच येईना. ओठ पांढरे पडलेले. ताईने उठून आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली त्याला दिली. ज्याने धडक दिली त्याला! तेवढ्यात वाहतूक पोलीस आला.

"बाई, कुठे लागलंय का?"

"छे हो. काही नाही झालं मला. माझंच लक्ष नव्हतं बहुतेक. जाऊ द्या त्यांना, घाबरलेत बिचारे."

पोलिसाने हे शब्दन् शब्द लिहून घेतलं आणि खाली ताईची सही घेतली. मग ती बटणं घेऊन दुकानात गेली आणि दोन विजारी नि एक जाकीट कापून मोकळी झाली.

मला हे कळलं तिसऱ्या दिवशी, तिच्याकडे चहाला गेले तेव्हा. कप तिच्या हातातून सुटला. मनगट वांग्यासारखं झालं होतं. मी तिला तशीच दवाखान्यात घेऊन गेले. पहिल्या एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही, मुका मार आहे म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलं. दोन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला तेव्हा दिसलं, मनगटाच्या तळाशी काजूच्या आकाराचं एक हाड असतं, ते मधोमध मोडलेलं. डॉक्टर म्हणाले, हे हाड हट्टी असतं, जुळायला फार वेळ घेतं, कधीकधी जुळतच नाही. प्लास्टर घातलं.

प्लास्टर घातल्यावर चारच दिवसांनी गाडीवाल्याच्या विमा कंपनीतून फोन आला. बोलणारी बाई इतकी गोड की आम्ही तिचं नाव साखरबाई ठेवलं. "ताई, हात कसाय? झोप लागते का? आमच्याकडून कागद पाठवतेय हं. सही करून दिलीत तर आठवड्याभरात पैसे तुमच्या खात्यात. उगाच तुम्हाला हेलपाटे नकोत."

कागद आला तेव्हा मी योगायोगाने तिथेच होते. आतापर्यंतचं दवाखान्याचं बिल आणि वर महिनाभराच्या पगाराएवढी रक्कम. ताईने पेन उघडलं सुद्धा. मी शाळेच्या कचेरीत कारकून आहे, खालची बारीक अक्षरं आधी वाचायची सवय. खाली लिहिलं होतं, या अपघाताबाबत यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही. मी पेन काढून घेतलं.

"अगं, पण किती चांगलं बोलली ती," ताई म्हणाली.

"हाड जुळलं का तुझं?"

"जुळेल की."

"आणि नाही जुळलं तर? ती गोड बाई येऊन जोडणार आहे?"

ताईने कागदाची घडी घालून तो मला दिला. हाड जुळलं नाही. तीन महिन्यांनी प्लास्टर काढलं तेव्हा ते होतं तसंच होतं. ऑपरेशन करून स्क्रू घालावा लागला. सही केली असती तर त्या ऑपरेशनचा पैसान् पैसा तिच्या बचतीतून गेला असता.

ऑपरेशननंतरही अंगठा पूर्ण मिटेना आणि शेजारची दोन बोटं बधिर राहिली. कात्रीचं सगळं काम त्या तिघांचं. मग मात्र मी वकील शोधला. आमच्या मुख्याध्यापिकांनी एका वकीलबाईंचा पत्ता दिला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली, खालून दिवसभर ठोकाठोक, आणि वर ठेंगण्याशा, चष्मा डोक्यावर सारलेल्या, कायम वैतागलेल्या बाई. मला त्या बघताक्षणीच आवडल्या.

ताईने किती दुखतं ते सांगायला सुरुवात केली. बाईंनी हात वर केला.

"किती दुखतं ते मला सांगू नका. माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण दुखण्याला भाव नसतो, कागदाला असतो. कागद काय काय आहेत?"

मी फाइल पुढे केली. बाई लाल पेन्सिल घेऊन वाचू लागल्या. पोलिसाच्या कागदापाशी पेन्सिल थांबली.

"हे तुम्ही म्हणालात? काही झालं नाही? माझंच लक्ष नव्हतं?"

"तो माणूस घाबरला होता हो."

"तो घाबरला, म्हणून तुम्ही चूक स्वतःवर घेतली." बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "पट्ट्यांवरून ओलांडत होतात?"

"वीस पावलं लांब होते पट्टे."

लाल खूण. "दवाखान्यात तिसऱ्या दिवशी का?"

"दोन विजारींची घाई होती."

लाल खूण. "फिजिओच्या पाच तारखा चुकल्यात. का?"

ताईने माझ्याकडे बघितलं. मला हे ठाऊकच नव्हतं. "एका लग्नाचे सहा कोट होते," ती हळूच म्हणाली. "मी कापत नव्हते, नुसती उभी राहून सांगत होते. मालक एकटे पडले होते."

मी कपाळावर हात मारून घेतला. वकीलबाईंनी नुसता श्वास सोडला. म्हणाल्या, "बघा, कंपनी काय म्हणणार ते ऐका. बाई स्वतःच म्हणाल्या काही झालं नाही. तीन दिवस कामावर गेल्या. रस्ता चुकीच्या जागी ओलांडला. उपचार मनावर घेतले नाहीत. म्हणजे एवढं काही लागलेलं नाही, आणि जे काय लागलंय त्यातलं निम्मं स्वतःच्या चुकीने. प्रत्येक लाल खुणेमागे रक्कम खाली येणार. आता वर नेणाऱ्या गोष्टी शोधू. पगार किती?"

इथे तर पंचाईतच. ताईचा निम्मा पगार कागदावर, निम्मा पाकिटातून हातात. वर्षानुवर्षं असंच. मालकाने लिहून दिलं असतं की खरा पगार एवढा, तर भरपाई दुपटीने वाढली असती. पण मालक अडकला असता, कारण इतकी वर्षं त्याने सरकारला कमी पगार दाखवलेला. ताई त्याला विचारायलाही तयार होईना. "मी त्याला हाफ पँटीतला पाहिलाय," घरी आल्यावर म्हणाली. "त्याच्या पोटावर पाय आणू?"

"आणि तुझ्या पोटाचं काय?" माझा आवाज चढला. ती उठून गॅस पुसायला लागली. उजव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघा ओढत.

शेवटी मीच दुकानात गेले. मालकाने खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, डोळ्यांत पाणीही आणलं. "मास्तरीणबाई म्हणजे मला आईसारख्या," म्हणाला. पत्रही दिलं. पत्रात लिहिलं होतं की या अत्यंत कुशल व प्रामाणिक असून त्यांची उणीव भासते. आकडा एकही नाही. मी ते पत्र वकीलबाईंना दिलं तेव्हा त्या म्हणाल्या, "छान आहे. फ्रेम करून लावा."

मग आला अपंगत्वाचा दाखला. या दाखल्यावर टक्के असतात आणि हाताच्या दुखापतीत सगळी मदार त्या टक्क्यांवर. आम्ही साडेतीन तास बाकावर बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी मान वर न करता ताईला बोटं मिटायला लावली, उघडायला लावली, सुई टोचून बघितली. मग विचारलं, "लिहिता कोणत्या हाताने?"

"उजव्या," ताई म्हणाली.

मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी खूण करून टाकली होती. मुख्य हात: उजवा. बाधित हात: गौण. अकरा टक्के.

"अहो डॉक्टर, ती डावरी आहे!"

"लिहितात उजव्याने ना?"

"लहानपणी मारून शिकवलंय तिला! बाकी सगळं डाव्या हाताने करते. तिचं कामच त्या हाताचं आहे."

"फॉर्ममध्ये लिहिण्याचा हात विचारलाय." त्यांनी घंटी वाजवली. पुढचा माणूस आत आला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन मी ताईवरच ओरडले. "नुसतं उजव्या का म्हणालीस? डावरी आहे म्हणून सांगायला काय झालं होतं?"

"त्यांनी लिहायचं विचारलं," ताई म्हणाली. "खोटं कशाला सांगू?"

वकीलबाईंनी फेरतपासणीचा अर्ज केला. उत्तर आलं नाही. पुन्हा केला. फाइल दुसऱ्या खात्यात गेल्याचं उत्तर आलं. त्या खात्यात मी चार वेळा गेले. एकदा साहेब रजेवर, एकदा संगणक बंद, एकदा कपाटाची किल्ली हरवलेली, आणि चौथ्यांदा साहेब, संगणक, किल्ली सगळं हजर, पण अर्जावर अर्जदाराची सही फिकट आली आहे म्हणून तो परत. या सगळ्यात वर्ष गेलं. साखरबाई मधूनमधून फोन करायची. रक्कम थोडी वाढवायची आणि म्हणायची, "ताई, किती दिवस ओढणार हो? तुमचाच जीव शिणतोय." ते खरंच होतं. त्यांना घाई नव्हती. ताईचा पगार थांबलेला होता आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शेवटी तडजोडीची बैठक ठरली. एक लांब टेबल, एका बाजूला आम्ही तिघी, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील आणि साखरबाई, जी दिसायला अगदी साधी, सर्दी झालेली मुलगी निघाली. मधे मध्यस्थ म्हणून निवृत्त न्यायाधीश. वकीलबाईंनी ताईला बजावलं होतं की कात्री घेऊन या, आणि मी विचारल्याशिवाय बोलू नका.

कंपनीच्या वकिलांनी आधी एक फोटो टेबलावर ठेवला. शेजारणीच्या नव्या घराच्या वास्तुशांतीतला, कुणीतरी फोनवरून जगजाहीर केलेला. त्यात ताईच्या डाव्या हातावर भाजीची पिशवी अडकवलेली. "ओझं तर उचलताहेत," ते म्हणाले.

"कोपराला अडकवलीय," वकीलबाई म्हणाल्या. "बोटं बघा. लोंबताहेत."

मग वकिलांनी दाखला काढला. "गौण हात, अकरा टक्के. त्यातून या बाई दोन्ही हात वापरतात हे त्यांचं स्वतःचंच म्हणणं आहे. उत्तम अक्षर आहे उजव्या हाताचं. ज्या व्यक्तीला लहानपणी हात बदलता आला तिला आताही बदलता येईल. थोडा सराव केला की कटिंगही उजव्या हाताने होईल. म्हणजे कमाईचं कायमचं नुकसान असं काही नाहीच."

ताई दोन वर्षं कुणाला उलटून बोलली नव्हती. पोलिसाला नाही, डॉक्टरांना नाही, मालकाला नाही. मी तर तिच्या या शांतपणालाच विटले होते. पण हे ऐकल्यावर तिच्या मानेवर लाल चट्टे चढताना मला दिसले. वकीलबाईंच्या विचारण्याची वाट न बघता ती उठली, पिशवीतून कात्री काढली आणि टेबलावर ठेवली. वीतभराहून लांब, काळी, मुठीशी घासून चकचकीत झालेली. थोरल्या मालकांनी तिच्यासाठी खास बनवून घेतलेली डाव्या हाताची कात्री.

"साहेब," ती त्या वकिलांना म्हणाली, "तुमचा उजवा हात चांगला आहे. हिने एक रेघ कापून दाखवा. सराव अठ्ठावीस वर्षांचा नको, एक रेघ."

"हे काय चाललंय?" वकील म्हणाले.

"थोडा सराव म्हणालात ना? मला कळतंय तेव्हापासून माझी डावीच बोटं चालतात. बाईंनी मारून अक्षर बदललं, हात नाही बदलला. तुम्ही दहा मिनिटांत बदलायला निघालात!" तिचा आवाज चिरकला. "कापा की. कागद देऊ?"

वकिलांनी कात्रीला हात लावला नाही. मध्यस्थांनी मात्र कुतूहलाने ती ओढून घेतली, उजव्या हातात धरली आणि समोरचा कोरा कागद कापायला गेले. डाव्या हाताची कात्री उजव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून लांब रेटली जातात. कागद कापला गेला नाही, दोन पात्यांमध्ये घडी होऊन अडकला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा घडी. साखरबाईला हसू आलं आणि तिने ते शिंकेत दडवलं.

"आणि ही मूठ बघा," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. "अंगठ्याच्या जागी पोलाद झिजलंय. गौण हाताने झिजत नाही."

मध्यस्थांनी बोट फिरवून ती झीज बघितली. मग ताईला विचारलं, "तुम्ही कापून दाखवू शकाल?"

ताईने कात्री डाव्या हातात घेतली. अंगठा कडीत गेला, पण मिटेना. तिने दात आवळले. दोन इंच कागद कापला गेला, तोही नागमोडी, आणि कात्री हातातून निसटून टेबलावर आदळली. मला रडूही येत होतं आणि राग इतका आला होता की कुणाला तरी धरून हलवावंसं वाटत होतं. कुणाला ते कळत नव्हतं.

फेरतपासणीचा जो अर्ज वर्षभर फिरत होता तो मध्यस्थांच्या एका पत्राने अकरा दिवसांत मार्गी लागला. नव्या डॉक्टरांनी लिहिण्याचा हातही विचारला आणि कामाचाही. मुख्य हात: डावा. एकवीस टक्के, आणि खाली एक ओळ, पूर्वीचा व्यवसाय करणे शक्य नाही. वकीलबाई म्हणाल्या, टक्क्यांपेक्षा त्या ओळीला जास्त वजन आहे.

तरीही वाटाघाटी झाल्याच. पट्टे सोडून ओलांडलं म्हणून पाचवा हिस्सा वजा. ती सही केलेली माफी, तीन दिवसांचा उशीर आणि चुकलेल्या फिजिओच्या तारखा मिळून आणखी थोडं वजा. पगार धरला तो कागदावरचाच, म्हणजे निम्मा. जी रक्कम ठरली ती साखरबाईच्या पहिल्या कागदाच्या आठपट होती. आणि वकीलबाईंनी सुरुवातीला, लाल खुणा करायच्या आधी, मनाशी मांडलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी.

"आणखी लढलो तर?" मी विचारलं.

"तर कदाचित वाढेल," बाई म्हणाल्या. "चार वर्षांनी. कदाचित नाही. निर्णय तुमच्या ताईंचा आहे, तुमचा नाही."

मला लढायचं होतं. मला त्या मालकाला साक्षीला ओढायचं होतं, त्या पहिल्या डॉक्टरांना टेबलासमोर उभं करायचं होतं. ताईने माझ्याकडे न बघता सही केली. उजव्या हाताने, सुरेख अक्षरात.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "तू नेहमी अशीच. मिळेल त्यात आटपतेस."

ती थांबली. म्हणाली, "बावन्नची होते, चौपन्नची झाले. या दोन वर्षांत मी फाइल सोडून काही केलं नाही. तुला भांडायला बरं वाटतं गं. मला काम करायचंय."

मी तिच्या हातातली फाइल घेतली आणि आम्ही घरी गेलो. वकीलबाईंनी पुढे एकदा मला सांगितलं की अशा प्रकरणांत रक्कम कमी करणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माणसाचा थकवा, आणि ती कुठल्याच फॉर्ममध्ये लिहिलेली नसते.

आता ताई पुन्हा दुकानात जाते. मालकाने तिशीतली एक बाई कटिंगला ठेवली आहे आणि ताई तिला शिकवते. पगार पूर्वीच्या दोन तृतीयांश, पण सगळा कागदावर. ही अट मी घातली, ताईने नाही. ती मापं घेते, खडूने आखते, खडू धरता येतो तेवढा, आणि मग त्या बाईच्या शेजारी उभी राहते. परवा मी गेले तेव्हा कोटाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, कापणं चाललं होतं. नव्या बाईने एक बोटभर खोल कापला.

"थांब," ताई म्हणाली. "हा टाक बाजूला."

"मावशी, चालेल की. शिवणीत ओढून घेतील."

"शिवणीत नाही ओढून घेत कुणी. घालणाऱ्याचा हात वर होणार नाही. नवं कापड घे."

"मालक रागावतील."

"रागावू दे," ताई म्हणाली, आणि तिने स्वतः ठाण उचलून उजव्या काखेत घेतलं नि टेबलावर धपकन टाकलं.